गॅरेजात गेली की बरी होणारी गाडी

बंद पडलेल्या गाडीचे एक बरे असते, तिचा दोष पळून जात नाही. किल्ली फिरवली आणि इंजिन लागले नाही, तर पेट्रोल नाही, करंट नाही किंवा कॉम्प्रेशन नाही. यातली एकेक शक्यता बाद करत गेले की जाणता मिस्त्री फार वेळ न लावता मुद्द्यावर येतो. कस लागतो तो चालू असलेल्या, पण मधूनच अडखळणाऱ्या गाडीपाशी. ती सकाळी झटके मारते आणि दुपारी निमूट चालते. पुलाच्या चढावर दम टाकते, उतारावर काही झालेच नाही असे दाखवते. मालक वैतागून तिला गॅरेजात नेतो, तर तिथे तासभर इंजिन चालू ठेवूनही एक ठोका चुकत नाही. मिस्त्री मालकाकडे बघतो, मालक गाडीकडे बघतो आणि दोघांचेही समाधान व्हावे म्हणून प्लग बदलले जातात. आठवड्याने गाडी पुन्हा झटके मारू लागते.

ही पुस्तिका ते प्लग बदलण्याच्या आधीच्या वेळेविषयी आहे. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: जुन्या पेट्रोल गाडीतले, अधूनमधून येणारे मिसिंग. डिझेलची गाडी यात नाही आणि कायमचे मिसिंगही नाही, कारण जे सतत असते ते सापडतेच. समोर ठेवला आहे तो नवी मुंबईच्या द्रोणागिरी नोडमधला आणि उरण परिसरातला गाडीमालक, आणि त्याच्या गाडीला हात लावणारा तरुण फिटर. दोघांनी एकच पुस्तिका का वाचायची, हे पुढे येईलच.

आधी मिसिंग म्हणजे काय ते पाहू. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा पेट घेतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात, साऱ्या इंजिनात मिळून १००. तीन सिलिंडरची मारुती ८०० सिग्नलला उभी असते तेव्हाही सेकंदाला वीसेक स्फोट चालू असतात. प्रत्येक स्फोटासाठी तीन गोष्टी एका क्षणी जुळाव्या लागतात: सिलिंडरमध्ये दाबलेली हवा, तिच्यात योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, आणि ते पेटवण्याइतकी दमदार ठिणगी. हवा-पेट्रोलचे आदर्श प्रमाण वजनाने १४.७ ला १. ठिणगीसाठी बॅटरीच्या बारा व्होल्टचे काही हजार, प्रसंगी वीस-पंचवीस हजार व्होल्ट करावे लागतात. शंभरांतला एखादा स्फोट हुकला तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ओळीने चार-पाच हुकले की झटका बसतो. म्हणजे आपल्याला मिसिंग जाणवते तेव्हा ते सुरू होऊन बरेच दिवस झालेले असू शकतात. इंजिन दुरुस्तीत या गोष्टीचा विसर पडतो आणि ‘कालपर्यंत ठीक होती’ या वाक्यावर फार भरवसा ठेवला जातो.

जुनी गाडी म्हणजे कुठली, हेही ठरवायला हवे. मुंबईच्या मिस्त्रींची मोठी पिढी शिकली ती प्रीमियर पद्मिनीवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी तयार होई. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर टिकली. तिच्या बॉनेटखाली सगळे उघडे होते. कॉइल एक, पॉइंट एक, कंडेन्सर एक आणि जुने मिस्त्री ज्याला डेल्को म्हणत तो डिस्ट्रिब्युटर एक. कॅप काढून पॉइंट जळलेत का पाहायचे, घासकागद मारायचा, गॅप लावायचा, जेटमध्ये कचरा आला असेल तर फुंकर मारायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा इंजिन बदलले, पण पाहण्याची रीत तीच राहिली. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले आणि सारा कारभार ईसीयू या इंजिनाच्या संगणकाच्या हाती गेला. पुढे एप्रिल २०१० पासून गाडीत स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि एप्रिल २०१३ पासून तिच्या दुसऱ्या टप्प्यात मिसिंग मोजणेही आले.

यावरून दिसेल की आज द्रोणागिरीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जी गाडी ‘जुनी’ म्हणून उभी आहे ती पद्मिनी नव्हे. ती साधारण २००० ते २०१० या काळातली गाडी आहे. पंधरा वर्षे पूर्ण होऊन पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतलेली, किंवा त्या उंबरठ्यावरची. ही मधली पिढी निदानाला सर्वांत अवघड. तिच्यात डोळ्यांनी पाहावे असे पॉइंट राहिलेले नाहीत आणि स्कॅनर लावून विचारावे तर मिसिंगचे नाव ती काढत नाही, कारण ते मोजायला तिला कोणी शिकवलेलेच नाही. एखादा सेन्सर पूर्ण तुटला तर ती दिवा लावते. सेन्सर दहा मिनिटांतून एकदा क्षणभर बेशुद्ध पडला तर बहुधा गप्प बसते. जुन्या मिस्त्रीचा कान आणि नव्या मिस्त्रीचा स्कॅनर या दोन्हींच्या मधल्या फटीत ही गाडी सापडते. पुस्तिकेतला बराच मजकूर या फटीसाठी आहे.

आता जागेविषयी. दोष गाडीत असतो, पण तो कधी बाहेर येतो हे पुष्कळदा गाडी कुठे राहते यावर ठरते. म्हणूनच हे लिखाण द्रोणागिरी समोर ठेवून केले आहे.

सिडकोने वसवलेला हा नोड तिन्ही अंगांनी खाडी, खाजण आणि समुद्र यांच्या शेजारी आहे. उरणची मिठागरे प्रसिद्ध आहेत, आणि मीठ फक्त मिठागरात राहत नाही. वाऱ्याबरोबर ते बारीक थराने सगळीकडे बसते, बॉनेटखालीही. कोरडे मीठ विजेला वाट देत नाही. पण साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात, ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. आता प्लगच्या वायरीवर, कॉइलच्या टोपीवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर असा थर आहे असे धरा. पहाटेच्या दमट हवेत तो ओला होतो आणि विजेला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा त्या ओल्या थरावरून इंजिनाच्या अंगावर उतरणे सोपे जाते. सिलिंडर हुकतो. दहा मिनिटांत इंजिन तापते, थर वाळतो, मिसिंग जाते. गॅरेज उघडते दहा वाजता. तोपर्यंत गाडी बरी झालेली असते. मालक खोटे बोलत नसतो आणि मिस्त्रीही काम टाळत नसतो. दोघे वेगवेगळ्या आर्द्रतेत तीच गाडी पाहत असतात.

वीज एकदा अशी उतरली की त्या वाटेवर कोळशाची पुसट रेघ उमटते. पुढच्या वेळी वीज तीच वाट धरते. कॅपच्या आत किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी करडी-काळी रेघ दिसली तर ती पुसून उपयोग नाही, तो भाग बदलावाच लागतो. नुसता प्लग बदलून वायरीचे रबरी टोपण तसेच ठेवले तर टोपणाच्या आतली रेघ नव्या प्लगवरही लवकरच तसाच डाग उठवते. ‘आत्ताच तर प्लग टाकले होते’ या तक्रारीमागे हे कारण नेहमी आढळते.

दुसरी गोष्ट गाडीच्या बदललेल्या दिनक्रमाची. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली आणि द्रोणागिरीला स्वतःचे स्टेशन मिळाले. रोज बेलापूर किंवा वाशी गाठणारी गाडी ज्यांनी घरी ठेवली, त्यांची गाडी आता स्टेशनपर्यंत जाते, बाजारातून फिरून येते किंवा आठवडाभर उभी राहते. जुन्या इंजिनाला हे मानवत नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जाते. इंजिन पुरते तापण्याआधीच प्रवास संपतो. प्लगच्या टोकाला स्वतःवरची काजळी जाळून टाकायला लागणारी उष्णता मिळतच नाही. काजळी साचते, काजळीतून वीज गळते आणि मिसिंग सुरू होते. अशा गाडीला नव्या प्लगपेक्षा उरण-पनवेल रस्त्यावरची तासाभराची सलग फेरी जास्त गुण देते. पण फेरीने गुण आला म्हणजे रोग गेला असे नव्हे. काजळी का साचत होती, हा प्रश्न उरतोच. उभ्या गाडीला आणखी एक उपद्रव असतो तो उंदरांचा. नोडमध्ये मोकळे भूखंड, गवत, कांदळवन आणि उघडी गटारे अजून आहेत. पावसात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरीचे वेष्टण कुरतडतात. पूर्ण तुटलेली वायर सापडते. अर्धी कुरतडलेली वायर मात्र सुक्यात काम करते आणि ओल्यात रुसते.

तिसरी गोष्ट रस्त्याची. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून या भागातले रस्ते कंटेनरच्या ट्रेलरांचे आहेत. ट्रेलरने खचलेल्या रस्त्यावर हलकी गाडी सतत थरथरते. त्या थरथरीत वायरीच्या जोडातले धातूचे दोन पत्रे एकमेकांवर केसाएवढे घासत राहतात. घासून निघालेली भुकटी गंजते आणि दोन पत्र्यांत बसते. बाहेरून जोड घट्ट दिसतो, मीटर लावले तर वीज दाखवतो आणि खड्ड्यात चाक आपटले की क्षणभर सोडतो. खाऱ्या हवेत हा गंज लवकर धरतो.

आणि १२ जानेवारी २०२४ लाच ज्याचे उद्घाटन झाले तो अटल सेतू. उरणकडच्या माणसाला शिवडी हाकेच्या अंतरावर आली हे खरे, पण २१.८ किलोमीटरच्या या सेतूवर मध्ये गॅरेज नाही आणि रेंगाळायला जागाही नाही. गावात ताशी तीसने जाणारी गाडी तिथे ऐंशीने जाते, इंजिनावर भार येतो, आणि अशक्त ठिणगी किंवा अर्धवट तुंबलेला पेट्रोल फिल्टर नेमका तिथे उघडा पडतो. गावात न दिसणारे मिसिंग सेतूवर दिसते हा योगायोग नव्हे. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितके ठिणगीला उडी मारणे कठीण. भार वाढला की दाब वाढतो.

ज्या डोंगरावरून या नोडला नाव मिळाले त्या नावाची रामायणातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हवी असलेली वनस्पती ओळखता येईना म्हणून मारुतीने अख्खा पर्वत उचलून आणला. लंकेत वेळ नव्हता आणि उचलणाऱ्याचे बळ अचाट होते, म्हणून ते शोभले. आपल्या गॅरेजांत मात्र तीच रीत पडून गेली आहे: प्लग, वायरी, कॉइल, फिल्टर, पंप, इंजेक्टरची सफाई, शेवटी ईसीयू. यात कधीकधी औषध सापडतेही, पण कुठले ते कळत नाही. शिवाय जुन्या गाडीसाठी आता बाजारात मिळणारा प्रत्येक सुटा भाग चांगला असतोच असे नाही. चांगला जुना भाग काढून सुमार नवा बसवला तर एका दोषाचे दोन होतात, आणि अधूनमधून येणारे दोन दोष एकत्र आले की निदान जवळजवळ अशक्य होते.

या पुस्तिकेचे सांगणे एका नियमात मावते. दोष हवा तेव्हा आणता आला, घालवता आला आणि पुन्हा आणता आला, तरच तो सापडला म्हणायचे. यातली पहिली पायरी सर्वांत मोठी. दोष आणता येण्यासाठी तो कोणत्या परिस्थितीत येतो ते कळावे लागते, आणि ते मिस्त्रीला कधीच कळणार नाही. ते मालकाला माहीत असते, पण त्याला कोणी विचारत नाही. म्हणून पहिले प्रकरण प्रश्नांचे आहे. इंजिन थंड असताना की तापल्यावर? पाऊस-दव असताना की कोरड्यातही? उभ्या गाडीत, वेग घेताना की एकसारख्या वेगात? टाकीत पेट्रोल कमी असताना जास्त? वळणावर? खड्ड्यात? एसी लावल्यावर? आदल्या दिवशी पेट्रोल भरले होते का? गाडी धुतली होती का? उत्तरे त्या त्या वेळी वहीत लिहायची. गॅरेजात उभे राहून आठवून सांगितलेल्या उत्तरांत आपला संशय आपोआप मिसळतो.

उत्तरांतून दिशा मिळते. फक्त ओलाव्यात येणारे मिसिंग उच्च दाबाच्या विजेच्या मार्गात असण्याची शक्यता सर्वाधिक. तापल्यावर येणारे आणि थोडा वेळ थांबल्यावर जाणारे कॉइल, क्रँक सेन्सर किंवा इग्निशन मॉड्यूलकडे बोट दाखवते, कारण आतली बारीक तार उष्णतेने ताणते आणि सुटते. थंडपणी येऊन तापल्यावर जाणारे काजळी, हवा खेचणारी जुनी रबरी नळी किंवा नीट न बसणारा व्हॉल्व्ह सुचवते. चढावर आणि वेगात येणारे पेट्रोलचा कमी दाब किंवा प्लगची वाढलेली फट सांगते. हे अंदाज आहेत, निकाल नव्हेत. पण बॉनेट उघडण्याआधीच वीस शक्यतांच्या तीन-चार होतात.

झटक्याची जातही ऐकावी. एकच सिलिंडर हुकत असेल तर ठेका लागतो. आवाजात ठराविक अंतराने खोट येते आणि तीन सिलिंडरच्या गाडीत तर बसल्या जागी अंग हलते. सगळे सिलिंडर एकदम सुटत असतील तर ठेका नसतो. कोणी क्षणभर किल्ली बंद करून पुन्हा चालू करावी तसे वाटते. पहिल्या प्रकारात त्या सिलिंडरचा प्लग, वायर, इंजेक्टर, व्हॉल्व्ह पाहायचे. दुसऱ्यात सगळ्यांना सामाईक असलेले: मुख्य कॉइल, क्रँक सेन्सर, पेट्रोल पंप, इग्निशन स्विच, अर्थिंग. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा असेल तर झटक्याच्या क्षणी त्याच्याकडे पाहावे. इंजिन फिरत असताना काटा एकदम शून्याकडे कोसळला, तर ठिणगीचा हुकूमच तुटतो आहे. काटा जागेवर राहून गाडी गळाठली, तर संशय पेट्रोलवर अधिक.

नवी मुंबईत अनेक जुन्या गाड्यांना सीएनजी किट आहे. निदानाच्या दृष्टीने हे भाग्य समजावे. गाडी झटके मारत असताना बटण दाबून इंधन बदलावे. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर यांच्याकडे जावे. दोन्हींवर असेल तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. फक्त गॅसवर असेल तर लगेच किटवाल्याला दोष देऊ नये. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दमदार ठिणगी लागते, त्यामुळे थकत चाललेली कॉइल किंवा फट वाढलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो आणि काही महिन्यांनी पेट्रोलवर.

यानंतर हात लावायचा. आणि इथे अधूनमधून येणारा दोष सर्वांत मोठा चकवा देतो. संशयित वायर काढून पुन्हा लावली, की लावताना जोडावरचा गंज घासला जातो आणि दोष काही आठवडे नाहीसा होतो. त्या वेळी नवी वायर टाकलेली असेल तर श्रेय नव्या वायरीला जाते. म्हणून क्रम असा: काढण्याआधी हलवून पाहायचे. इंजिन चालू ठेवून एकेक जोड, एकेक वायरीचा झुबका हलक्या हाताने हलवायचा आणि कान इंजिनाकडे ठेवायचा. ओलाव्याचा संशय असेल तर अंधारात पाण्याच्या बारीक फवाऱ्याने एकेक भाग भिजवायचा. वीज गळत असेल तर निळी ठिणगी दिसते. पाण्यात चिमूटभर मीठ टाकले तर आपल्याकडची पहाट भर दुपारी गॅरेजात आणता येते. उष्णतेचा संशय असेल तर केस वाळवायच्या यंत्राने संशयित भागच तापवायचा आणि बाकीचे इंजिन थंड ठेवायचे. त्यानंतर अदलाबदल. प्रत्येक सिलिंडरची कॉइल वेगळी असेल तर पहिल्याची तिसऱ्याला लावायची. मिसिंग कॉइलबरोबर हलले तर कॉइल दोषी, जागेवर राहिले तर कॉइल निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर चाचणी वाया गेली.

चालू इंजिनाच्या प्लगची वायर उपटून सिलिंडर तपासण्याची पद्मिनीच्या काळातली सवय मात्र सोडायला हवी. उपटलेल्या वायरीतली वीज वाट शोधत मॉड्यूल जाळू शकते, आणि न पेटलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व तो वितळवते. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, म्हणजे ठिणगीही सुरक्षित आणि पेट्रोलही बंद. ठिणगीच्या विजेचा झटका साधा नसतो. पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंजिनाच्या जवळ वाकूच नये.

एक पुरावा बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतो. पीयूसीची जुनी प्रमाणपत्रे. त्यांवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे असतात. पहिला फारसा न बदलता दुसरा वर्षानुवर्षे चढत गेला असेल, तर पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे, म्हणजेच कुठेतरी स्फोट हुकतो आहे, असा अर्थ निघू शकतो. मिसिंग नेमके चाचणीच्या वेळी आले पाहिजे ही अडचण आहेच. पण जुन्या चिठ्ठ्या फेकू नयेत.

इथेनॉलविषयी विचारणा हटकून होते, म्हणून एक परिच्छेद त्याला. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने या मिश्रणाला हवा कमी लागते, आदर्श प्रमाण १४.७ वरून सुमारे साडेतेरावर येते. कार्बोरेटरला हे कळायचा मार्ग नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण पेटायला नाखूश असते. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेते. इथेनॉल पाणीही ओढते, म्हणून पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. जुने रबर लवकर थकते, तेव्हा नळ्या तपासाव्यात. पण पेट्रोलला दोष देणे सोयीचे असते म्हणून ते पहिले कारण धरू नये. तेच पेट्रोल शेजारच्या गाडीत बिनतक्रार जळते आहे.

स्कॅनरबद्दलही तोल हवा. २०१३ नंतरच्या गाडीत तो फार उपयोगी. प्रत्येक हुकलेल्या स्फोटागणिक क्रँकचा वेग किंचित घटतो, ते पाहून ईसीयू कुठला सिलिंडर हुकला तेही सांगतो. ‘पी०३०१’ हा कोड म्हणजे पहिला, ‘पी०३०३’ म्हणजे तिसरा, ‘पी०३००’ म्हणजे ठरावीक कोणी नाही. अशा गाडीत इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर कन्व्हर्टर जळण्याइतके मिसिंग चालू आहे, लगेच वेग कमी करावा. पण कोड सांगतो तो सिलिंडर, कारण नव्हे. ‘पहिला सिलिंडर’ हे ऐकून पहिली कॉइल विकत आणणारा माणूस निदानाच्या पहिल्याच पायरीवर थांबलेला असतो.

पुस्तिकेची रचना याच क्रमाने आहे. आधी प्रश्न, मग झटक्याची ओळख, मग ठिणगी, मग इंधन, मग हवा आणि कॉम्प्रेशन, शेवटी वायरी आणि अर्थिंग. वायरी शेवटी ठेवल्या त्या कमी महत्त्वाच्या म्हणून नव्हे, त्या तपासायला सर्वांत जास्त धीर लागतो म्हणून. प्रत्येक प्रकरणात चाचणी आधी आणि सुटा भाग नंतर येतो. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले आकडे, जसे प्लगची फट, वायरीचा रोध, पेट्रोलचा दाब, कॉम्प्रेशन, मॉडेलगणिक बदलतात. ते मॅन्युअलमधूनच घ्यावेत, शेजाऱ्याच्या गाडीवरून नव्हे.

राहिला मालक आणि मिस्त्री यांच्यातला व्यवहार, आणि दोघांनी एकच पुस्तिका वाचावी असे का म्हटले ते. आपल्याकडे गॅरेजचे बिल सुट्या भागांभोवती बांधलेले असते. नवी कॉइल टाकली तर मालक तिची किंमत देतो, तिच्यावर मिस्त्रीला थोडे सुटते आणि बसवण्याची मजुरी वेगळी मिळते. त्याच मिस्त्रीने तीन तास घालवून गंजलेला एक जोड शोधला, घासला आणि बसवला, तर मालक विचारतो, ‘नवीन काय टाकले?’ काहीच टाकले नाही, या उत्तराला पैसे देण्याची आपल्याला सवय नाही. जो शोधतो त्याचे नुकसान आणि जो बदलतो त्याचा फायदा, असा हिशेब असेल तर भाग बदलले जाणारच. त्यात मिस्त्रीची लबाडी शोधायचे कारण नाही.

म्हणून मालकाने दोन गोष्टी कराव्यात: परिस्थितीची वही घेऊन जावे, आणि गाडी गरज असेल तर रात्रभर गॅरेजात ठेवावी, म्हणजे पहाटेची दमट हवा मिस्त्रीलाही भेटेल. मिस्त्रीनेही दोन कराव्यात: दोष आणून दाखवावा, आणि काढलेला भाग मालकाच्या हाती द्यावा. एवढे झाले तर बिलावर सुट्या भागांच्या वर ‘दोष शोधण्याची मजुरी’ अशी स्वतंत्र ओळ लिहायला मिस्त्रीला संकोच वाटू नये आणि मालकाने तिच्यावर घासाघीस करू नये. ती ओळ मोठी असली की खालची यादी बहुधा आखूड निघते.